प्रोटीन पावडर कशात मिसळावी: शेकर हातात घेण्याआधीची तयारी

पाण्यात घ्यावी की दुधात, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी डबा फिरवून मागची घटकयादी वाचावी. गेल्या वेळी माझ्याकडून नेमके हेच राहून गेले: साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेले कर्बोदक) आणि दूध पावडर ज्यात आधीपासूनच होती, त्या पावडरीत मी वर दूध, केळे आणि मध घातले, आणि व्यायाम करताना पोट इतके जड झाले की तो अर्ध्यावरच सोडावा लागला. आपण काय मिसळणार हे ठरवण्याआधी कारखान्यात काय मिसळले गेले आहे, ते माहीत असलेच पाहिजे.

घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिली तीन-चार नावेच बरेच काही सांगून जातात. एका मात्रेत प्रथिनांपेक्षा कर्बोदके कितीतरी जास्त दिसली, तर तो मास गेनर, म्हणजे वजन वाढवण्यासाठीची पावडर, आहे असे समजावे आणि केळे, मध यांचा विचारही करू नये. अशा पावडरीला साधे पाणी पुरते. एक मात्रा म्हणजे एक स्कूप की दोन, हेही तिथेच पाहावे, कारण द्रवाचे प्रमाण त्यावरच ठरते.

आता द्रव. व्यायामाला थोडाच वेळ उरला असेल तर पाणीच घ्यावे, साधारण २०० ते ३०० मिलिलिटर. स्निग्ध पदार्थांमुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि व्यायाम करताना तो जडपणा जाणवतो, म्हणून मलईचे दूध व्यायामानंतर किंवा इतर वेळी प्यावे. २५० मिलिलिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम प्रथिने अधिक मिळतात, ही त्याची जमेची बाजू आहे. पण त्याच दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, हीही असते. दूध पचत नाही म्हणून जो मुद्दाम कमी लॅक्टोजचे व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीतून वेगळी काढलेली शुद्ध प्रथिने) विकत घेतो आणि मग ते दुधातच मिसळतो, त्याचा सगळा खटाटोप पहिल्याच घोटाला वाया जातो. इथेही चूक घटकयादी न वाचण्याचीच! दुधाची ॲलर्जी ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. त्या व्यक्तीने आयसोलेटही घेऊ नये, कारण ते दुधातल्या प्रथिनांपासूनच बनते. वनस्पतिजन्य पेयांपैकी सोया दुधात प्रथिने चांगली असतात, बदामाच्या दुधात फारच थोडी. दोन्ही साखरविरहित निवडावीत.

वरून घालायच्या पदार्थांबाबत पुन्हा तेच सांगावे लागते: आधी यादी. पावडरीत सुक्रालोज किंवा स्टीव्हिया यांसारखे गोडवा देणारे घटक असतील तर मध कशासाठी? एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे १७ ग्रॅम साखर. झँथन गम (दाटपणा आणणारा घटक) असेल, किंवा पावडर वाटाण्याची असेल, तर ती स्वतःच घट्ट होते. तिच्यात ओट्स घातले की लगदा होतो, म्हणून पाणी वाढवावे किंवा ओट्स वगळावेत. कॉफी घालायची असेल तर कॅफिन आधीच घातलेले नाही ना, याची खात्री करावी. ते असूनही कॉफी घातली आणि शेक संध्याकाळी घेतला, तर झोपेवर परिणाम होण्याची शक्यता वाढते. साध्या, गोडवा नसलेल्या व्हे पावडरीत केळे उत्तम, त्यातून सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके मिळतात. पण साध्या पावडरीत, हे विसरू नये. ताजा अननस, पपई आणि किवी यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात, त्यामुळे शेक ठेवून दिल्यास कडवट होतो. तो लगेच प्यावा किंवा शिजवलेले फळ वापरावे. शेंगदाण्याचे बटर व्यायामाआधी नको, स्निग्ध पदार्थांमुळे येणाऱ्या जडपणाचे कारण वर सांगितलेच आहे.

गरम द्रवात व्हे थेट टाकू नये, गुठळ्या होतात. पोषण त्याने नष्ट होत नाही, पण पिणे कठीण होते. पावडर आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावी आणि मग कोमट द्रव हळूहळू घालावा.

शेकरमध्ये द्रव आधी, पावडर नंतर. बाहेर नेताना पावडर कोरडी न्यावी. मिसळलेला शेक, विशेषतः दुधातला, दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. शेकर लगेच धुवावा, झाकणाची खाचही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करू नये. आणि नवा डबा आणला, मग तो त्याच नावाचा असला तरी, घटकयादी पुन्हा वाचावी. चव बदलली की घटकही बदललेले असू शकतात.