व्यसन सोडवण्यासाठी मुलाला मुंबईहून गावी आणताना

मुंबईत नोकरीला असलेला मुलगा दारूच्या किंवा गर्दच्या (हेरॉइन, ब्राउन शुगर) आहारी गेल्याचे कळले, की ‘चार महिने गावी ठेवू, संगत सुटली की व्यसनही सुटेल’ असे म्हणून त्याला कोकणात आणून ठेवण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. संगत तुटण्याचा उपयोग होतो, परंतु गावी ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. शिवाय आपला किनारा या पदार्थांपासून दूर आहे, असेही मानू नये. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली होती.

गाडीत बसवण्यापूर्वी तो काय घेतो, किती घेतो आणि शेवटचे कधी घेतले, हे त्याच्यावर न ओरडता विचारून लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू किंवा सवय जडलेल्याच्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर आधी हात थरथरतात, घाम फुटतो, आणि पुढच्या काही दिवसांत फिट येणे, भास होणे, प्रसंगी मृत्यू ओढवणे इथपर्यंत मजल जाते. असा माणूस रात्री असंबद्ध बोलू लागला, तर बाहेरची बाधा समजून अंगारा लावत सकाळची वाट पाहू नये. देवाला गाऱ्हाणे घालायचे असेल तर अवश्य घालावे, मात्र आधी त्याला रुग्णालयात पोहोचवावे.

गर्द बंद झाल्यावर लागणारी ‘टर्की’ सहसा जीव घेत नाही, पण ती पाहवत नाही. जांभया थांबत नाहीत, नाक-डोळे गळतात, पोटात कळा येऊन जुलाब होतात आणि पडवीत गोधडीखाली पाय झाडत तो रात्र काढतो. अशा वेळी कळवळून आई पैसे काढून देते, किंवा संतापून वडील त्याला खोलीत कोंडतात. या दोन्हींची गरज नाही, कारण हा त्रास औषधांनी बराच कमी करता येतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. 14446 ही व्यसनमुक्तीसाठीची आणि 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64अ नुसार, सेवन किंवा अल्प प्रमाणातील पदार्थ यांबाबत आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र ते उपचार पूर्ण करावे लागतात.

खरा घात पुढे होतो. चार महिन्यांत अंग भरते, चेहरा सुधारतो, आणि गणपती आटोपले की चाकरमान्यांबरोबर त्याचीही परत पाठवणी होते. पण शरीराची नशा पेलण्याची जुनी ताकद एव्हाना गेलेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी गर्दची मात्राच त्याचा श्वास थांबवू शकते. हे त्याला आणि मुंबईत ज्यांच्याकडे तो राहणार त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. तिथले डॉक्टर, औषधे आणि भेटीची तारीख ठरल्याशिवाय तिकीट काढू नये. तो हाका मारूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद झाला असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर तोंडात पाणी न घालता त्याला कुशीवर वळवावे, 108 ला फोन करावा आणि त्याने काय घेतले ते लाज न बाळगता खरे सांगावे.