आंब्याखाली बाग करताय? या चुका टाळा

दारातल्या आंब्याखाली काहीच धड जगत नाही, ही घरोघरची तक्रार. आमच्या कलमाखाली आधी शेवंती गेली, मग जास्वंद. मोगरा तेवढा तगला, पण नुसत्या लांबट काठ्या सोडत राहिला आणि तीन उन्हाळ्यांत मोजून सहा कळ्या दिल्या. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवं. आंबा बारमाही पानांनी भरलेला, खाली येतात ते कवडसेच. बहावा किंवा पांगाऱ्याची गोष्ट वेगळी, ती झाडं काही काळ निष्पर्ण होतात. त्यामुळे ‘सावलीतलं रोप द्या’ एवढंच सांगून नर्सरीतून येऊ नका, कुठल्या झाडाची सावली तेही सांगा.

पाण्याची चूक

ही सगळ्यांत महाग पडते. मोहोर धरायला आंब्याला पावसाळ्यानंतर पाण्याचा ताण लागतो. ऑक्टोबर सरता सरता बागायतदार पाणी तोडतात ते उगीच नाही. आपण मात्र नेमकं तेव्हा खालच्या अळूला, पीस लिलीला रोज पाइप लावतो. झाड पालवी काढत बसतं आणि मोहोराच्या नावाने शंख!

म्हणून रोपं अशी निवडावीत, की आंब्याला ताण हवा तेव्हा ती स्वतःच झोपलेली असतील. हळद, आंबेहळद, सुरण, भुईचाफा ही मंडळी पावसावर वाढतात, थंडी सुरू झाली की पिवळी पडून आडवी होतात. जमिनीतले गड्डे जागेवर ठेवले की पुढच्या पावसाला पुन्हा वर येतात. सावलीत हळकुंडं जरा बारीक भरतात, पण पातोळ्यांना पानं भरपूर. सोनटक्का मात्र ओलीचा लोभी. तो न्हाणीच्या सांडपाण्याकडे लावावा, आंब्यापासून लांब.

मेलं समजून उपटणं

भुईचाफ्याची पानं वाळली तेव्हा मी ती जागा साफ करून तिथे कुंडी ठेवली होती. एप्रिलमध्ये कुंडी हलवली, तर खाली पांढरी-जांभळी फुलं, चेपलेली. भुईचाफा आधी फुलतो, पानं मागून येतात. आम्हा शहाण्यांना ते तेव्हा कळलं.

बुंध्याशी मातीचा ढीग

मुळं आड येतात म्हणून बुंध्याभोवती वीट रचून फूटभर माती भरतात. दिसायला छान, पण साल सतत ओली राहून कुजते आणि वरच्या थरातली अन्न घेणारी बारीक मुळं गुदमरतात. बुंध्यालगत हातभर जागा मोकळी सोडा. पुढे मुळांच्या बेचक्यांत खुरप्याने खड्डे घेऊन पहिल्या पावसात लहान गड्डे लावा. कुदळ नको. पातेरा जाळू नका, तिथेच पसरू द्या. फक्त कोवळ्या कोंबांवरची पानं हाताने बाजूला सारा, आंब्याचं पान लवकर कुजत नाही.

पानं काळी पडली तर

मोहोराच्या दिवसांत खालची पानं आधी चिकट होतात, मग काजळी धरल्यासारखी काळी. खालच्या रोपाला रोग झाला म्हणून औषध मारू नका. वर मोहोरावर तुडतुडे असतात, त्यांचा गोड चिकटा ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ओल्या फडक्याने पुसली तर निघते. वर फवारणी केलीच, तर खालची खायची पानं काही दिवस तोडायची नाहीत.

बारमाही हिरवं काही हवंच असेल तर स्नेक प्लांट लावा, त्याला हिवाळ्यात पाणी जवळजवळ लागत नाही. डिफेनबाखिया लहान मुलांच्या घरी नको, पान चावलं तर तोंडाची आग होते. आणि झोपलेल्या गड्ड्यांच्या जागा विसरायला होतात, त्यासाठी आम्ही फुटक्या कौलांचे तुकडे रोवलेत. त्यावर कुंडी ठेवायची नाही, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे.