ओठ-टाळूच्या मोफत ऑपरेशनच्या तपासणीला मदतीला येताय? मग हे वाचून या

ज्या लेकरांचा ओठ किंवा टाळू जन्मतःच फाटलेला असतो त्यांच्या मोफत ऑपरेशनसाठी बाहेरून डॉक्टरांची टीम येते, आणि त्याआधी एक अख्खा दिवस नुसत्या तपासणीचा असतो. गडचिरोलीकडे मी हे काम काही वर्षांपासून करून राहिलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

तारीख ठरवताना तुमचं कोणी ऐकत असेल तर आधीच सांगा, मोहफुलाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत नको, म्हणजे मार्च ते मे नको. वर्षाची कमाई सोडून कोण येणार?

सकाळी सातला पोचा. कोरची-धानोऱ्याकडचे लोक आदल्या दिवशीच्या एसटीनं येऊन व्हरांड्यातच झोपलेले असतात. पहिलं काम हे की आज ऑपरेशन नाही, फक्त तपासणी आहे, लेकराला खाऊ घाला, असं प्रत्येकाला सांगायचं. कारण ऑपरेशन म्हटलं की उपाशी न्यायचं एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि मग दोन वर्षांचं पोरगं रात्रीपासून उपाशी राहून लाइनीत रडत बसते. माईकवर एकदा बोलून भागत नाही, फिरून फिरून सांगा, गोंडी आणि छत्तीसगढी बोलणारं कोणी सोबत ठेवा, आमच्याकडे बहुतेक आशाताईच हे सांभाळतात.

नोंदणीला बसलात तर नाव आधारवर आहे तसंच लिहा आणि जन्मतारीख लसीच्या कार्डावरून घ्या. मोबाइल नंबर दोन घ्या, एक घरचा आणि एक आशाताईचा किंवा शेजारच्याचा, कारण रिचार्ज संपला की घरचा नंबर बंद.

वजनाच्या टेबलावर काटा शून्यावर आहे का ते दर वेळी बघा, स्वेटर, टोपी, पायातले वाळे सगळं काढायला लावा. ओठाच्या ऑपरेशनला साधारण दहाचा हिशोब धरतात, वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. टाळूचं त्यानंतर, वर्षाच्या आसपास. म्हणून काठावरच्या लेकराला तुमचा चुकीचा आकडा महागात पडू शकतो.

खोकला आहे का विचारलं की आई-बाप "नाही जी" म्हणतात, परत पाठवतील ही भीती असते. म्हणून रात्री झोपते का नीट, नाक वाहते का, असं विचारा आणि कळलं ते केसपेपरवर लिहा. सर्दी-खोकल्यात भूल दिली तर श्वासनळी आवळू शकते. सिकलसेल म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याचंही तसंच, आपल्या पूर्व विदर्भात सिकल भरपूर आहे आणि थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं यानं त्या रुग्णाला त्रास उफाळू शकतो, तर घरात कोणाला सिकल आहे का, कार्ड आहे का, हे विचाराच. कोणाला घ्यायचं कोणाला नाही हे मात्र डॉक्टर ठरवतात, आपण अंदाजसुद्धा सांगायचा नाही.

आई पदरानं लेकराचं तोंड झाकून बसलेली दिसली तर आधी लेकराचं नाव विचारा आणि त्या नावानंच बोला. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं असं ऐकत ऐकत ती इथवर आलेली असते. तिला, आणि सोबत सासू असेल तर दोघींना बसवून सांगा की ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, तेव्हा दिवस गेलेत हेही बरेचदा कळलेलं नसते, तिचा यात काही दोष नाही. मी हे ऐकून रडलेल्या बाया पाहिल्यात. आणि फोटो फक्त केसपेपरसाठी, तोही विचारून, स्वतःच्या स्टेटसला बिलकुल नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवसाच्या शेवटी काही जणांना "यावेळी नाही" सांगितलं जाते, वजन कमी, रक्त कमी, छातीत कफ. सगळे व्हॉलंटियर तेव्हा निवड झालेल्यांसोबत असतात आणि हे लोक गुपचूप बस स्टँडकडे निघतात. मागे एका मुलीचं वजन कमी भरलं, मीच तिच्या बापाला घाईत "आत्ता होत नाही" एवढंच बोललो, त्यानं ते कायमचं नाही असं समजलं आणि ती लेक दोन वर्षांनी परत दिसली. तेव्हापासून मी बाहेर जायच्या दाराशी उभा राहतो. कारण काय, तोवर काय करायचं, परत कधी यायचं, हे तिन्ही कागदावर लिहून त्यांच्याच तोंडून एकदा वदवून घ्या. बाळ लहान असेल तर नर्सताईंकडे न्या, बाळाला उभं धरून बोंडल्यानं दूध कसं पाजायचं आणि मधेमधे ढेकर कशी काढायची हे त्या करून दाखवतात, वजन न वाढायचं कारण बरेचदा तिथंच असते.

संध्याकाळी सामान आवरायच्या आधी "यावेळी नाही" वाल्यांची यादी नंबरांसकट आशाताईंना द्या, एक फोटो स्वतःजवळ ठेवा, आणि महिनाभरानं फोन लावा.