गेमिंग आणि संगीतासाठी साउंड कार्ड निवडताना

नवीन साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज तयार करणारं वेगळं उपकरण, शोधायला लागण्याआधी, सध्याच्या कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बिघडलंय ते पंधरा मिनिटं देऊन तपासा. हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. काहीही वाजत नसताना विंडोजचा आवाज १०० वर न्या आणि ऐका. माउस हलवा, मोठी फाइल कॉपी करायला लावा, गेम चालू करून आवाज बंद असलेल्या मेनूवर थांबा. माउस हलवला की बारीक चिरचिर येत असेल किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण आला की गुणगुण वाढत असेल, तर आतल्या विजेचा गोंगाट आवाजाच्या मार्गात शिरतोय. मग हेच सगळं पुढच्या जॅकवर करून पाहा. काही वाजवण्याआधी आवाज १० वर आणायला विसरू नका, कानाला इजा होऊ शकते.

पुष्कळदा मागचा जॅक स्वच्छ निघतो आणि खरखर फक्त पुढच्या जॅकवर असते. पुढच्या जॅकची बारीक वायर मदरबोर्डच्या एका टोकापासून ग्राफिक्स कार्डाशेजारून कॅबिनेटच्या तोंडापर्यंत जाते आणि वाटेतला सगळा गोंगाट गोळा करते. अशा वेळी दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर मागच्या जॅकला लावली की काम झालं.

मागचा जॅकही स्वच्छ, आवाजही पुरेसा, माइकही ठीक असेल तर कार्ड घेऊ नका. तेच पैसे हेडफोनमध्ये घाला, फरक कितीतरी जास्त ऐकू येईल. कित्येक बऱ्या मदरबोर्डांवर रियलटेकची एएलसी१२२० ही आवाजाची चिप असते आणि तिचं सिग्नल-टू-नॉइज प्रमाण (गोंगाटाच्या तुलनेत खरा आवाज किती मोठा ते) कंपनी १२० डीबी देते. सीडीच्या १६ बिटांत मुळात ९६ डीबीच मावतात. त्यामुळे अडचण बहुधा चिपमध्ये नसते. ती असते हेडफोनला ताकद देणाऱ्या अँपमध्ये, बोर्डवरच्या मांडणीत आणि माइकच्या बाजूला.

गेमिंगसाठी कार्ड काय करतं

क्रिएटिव्ह कंपनीचं पहिलं साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आलं, तेव्हा कार्डाशिवाय पीसीत धड आवाजच नव्हता. पुढे ईएएक्स या त्याच कंपनीच्या तंत्राच्या काळात गुहेतला घुमारा, भिंतीआडचा आवाज असे हिशेब कार्डावरची चिप करायची आणि प्रोसेसरचा भार हलका व्हायचा. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि डायरेक्टसाउंड या विंडोजच्या आवाजाच्या यंत्रणेतून कार्डावरच्या चिपकडे जाणारा हा रस्ताच बंद झाला. आज हे सगळं गेम स्वतः प्रोसेसरवर करतो. म्हणून साउंड कार्ड घातल्याने फ्रेम रेट वाढेल ही आशा सोडा.

पावलांचा आवाज नेमका कुठून आला हे कळण्यासाठी आजचे गेम एचआरटीएफ वापरतात. कान आणि डोक्याच्या आकारामुळे आवाजात जो फरक पडतो, तो गणिताने घालून साध्या दोन चॅनलच्या हेडफोनवर दिशा दाखवण्याची ही पद्धत. व्हॅलोरंटमध्ये ती सेटिंगमध्ये चालू करता येते. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गेमची एचआरटीएफ आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमधलं व्हर्च्युअल ७.१ (हेडफोनवर आठ स्पीकरचा भास) एकाच वेळी चालू ठेवणं. एकदा दिशा घातलेल्या आवाजावर पुन्हा दिशा चढते. मागून येणारी पावलं बोगद्यातून आल्यासारखी पसरतात आणि डावं-उजवं सांगता येतं, पण पुढे की मागे ते कळेनासं होतं. दोन्हींपैकी एकच ठेवा. गेममध्ये सोय असेल तर गेमची ठेवा, आउटपुट ‘स्टीरिओ हेडफोन’ निवडा आणि कार्डाचं ७.१ बंद करा. गेममध्ये सोय नसेल तर विंडोज सोनिक ही विंडोजमधलीच तशी सोय फुकट मिळते, त्याने सुरुवात करा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ७.१ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका.

कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड आजही खरं उपयोगी पडतं ते ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेल्या, तीन पिनांच्या स्पीकर संचासाठी. हिरवी पिन पुढच्या, काळी मागच्या आणि केशरी मधल्या स्पीकरची व सबवूफरची. नव्या मदरबोर्डांवर जॅक कमी होत चाललेत. तिथे साउंड ब्लास्टर ऑडिजी एफएक्स किंवा असूसचं झोनार एसई अशी साधी ५.१ कार्डं पुरतात. घरी एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचे स्पीकर चालवणारा अँप) असेल तर कार्डच नको, ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून आठ चॅनल थेट जातात. ऑप्टिकल वायरीतून मात्र कॉम्प्रेस न केलेले दोनच चॅनल जातात. गेमचा ५.१ आवाज तिच्यातून न्यायचा तर कार्डात आवाज तिथल्या तिथे कॉम्प्रेस करणारं डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असावं लागतं. हे न पाहता ऑप्टिकल घेणाऱ्यांचे मागचे स्पीकर गेममध्ये मुके राहतात.

हेडफोनचा हिशेब

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: ओहममधला इंपीडन्स (विजेला होणारा विरोध) आणि १ मिलिवॉटला किती डीबी आवाज ते. बायरडायनामिकच्या डीटी ७७० प्रोचं २५० ओहमचं मॉडेल घेऊ. त्याचा आकडा १ मिलिवॉटला ९६ डीबी. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे ताकद. १ व्होल्ट देणाऱ्या जॅकवर १ भागिले २५० म्हणजे ४ मिलिवॉट, म्हणजे ६ डीबीची भर, एकूण १०२. दोन व्होल्ट देणाऱ्या अँपवर १६ मिलिवॉट, एकूण १०८. ऐकायला १०२ खूप वाटतं, पण ती सर्वांत मोठ्या ठोक्याची कमाल आहे. संथ आलापाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी त्या शिखराच्या २० डीबी किंवा त्याहूनही खाली असते, म्हणून व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही आवाज दबलेला वाटतो. हाच हेडफोन ३२ किंवा ८० ओहमच्या मॉडेलात घेतला तर बहुतेक जॅकवर नीट वाजतो. पुष्कळदा चुकीचं मॉडेल घेतलं जातं आणि मग ते चालवायला कार्ड शोधावं लागतं.

दुसरा आकडा जॅकचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स. तो हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा कमी. काही मदरबोर्डांच्या जॅकवर तो ७५ ओहमपर्यंत जातो. एकाहून जास्त ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) असलेल्या इयरफोनांचा इंपीडन्स सुरासुराला बदलतो. असा इयरफोन त्या जॅकवर लावला की कुठे बास फुगतो, कुठे वरचे सूर दबतात. साउंड ब्लास्टर एई-५ सारख्या कार्डांत किंवा जी६ सारख्या बाहेरच्या डब्यांत पैसे याच वेगळ्या हेडफोन अँपसाठी जातात.

आतलं की बाहेरचं? आमचं मत सरळ आहे: स्पीकर संचाची गरज सोडली तर यूएसबीवरचं बाहेरचं घ्या. लॅपटॉप, पीसी दोन्हीवर चालतं आणि ग्राफिक्स कार्डापासून लांब राहतं. आतलंच हवं असेल तर आधी कॅबिनेट उघडून पाहा. अडीच-तीन स्लॉट जाडीचं ग्राफिक्स कार्ड साउंड कार्ड बसतं तो पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट झाकून टाकतं. स्लॉट मोकळा असला तरी कार्ड थेट पंख्याच्या तोंडाशी येऊ नये, हवा अडते. काही कार्डांना पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते, तीही पाहून ठेवा. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत जुनं कार्ड स्वस्तात मिळालं तर ते जुन्या पीसीआयचं नाही ना, हे हातात घेऊन बघा. तो लांब स्लॉट आजच्या बोर्डांवर नसतो. कंपनीच्या पानावर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे याची खात्री पैसे देण्याआधी करा.

गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायचं असेल तर

इथे गेमिंग कार्ड विसरा आणि ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे स्टुडिओचे माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारा बाहेरचा डबा. गेमिंग कार्डाच्या माइक जॅकवर हेडसेटच्या छोट्या माइकपुरते काही व्होल्ट असतात. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागते, ती इंटरफेसच देतो.

आधी माइक मोजा. एकटा गाणारा किंवा गिटार वाजवणारा फोकसराइट स्कार्लेट सोलोवर भागवू शकतो, पण त्यावर माइकची जागा एकच असते. गाणं आणि तबला एकत्र घ्यायचं तर निदान दोन माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग) हवेत: स्कार्लेट २आय२ किंवा बेरिंजर यूएमसी२०२एचडी. डग्गा आणि दायाँ वेगळे घ्यायचे, वर गायक, म्हणजे तीन झाले. मग यूएमसी४०४एचडीसारखा चार प्रीअँपचा घ्या. बेरिंजरच्याच यूएमसी२२ वर एकच माइक लागतो, तो १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर थांबतो आणि विंडोजवर त्याला स्वतःच्या एएसआयओ (कमी उशिराच्या) ड्रायव्हरऐवजी एएसआयओ४ऑल या जोडसॉफ्टवेअरवर चालवावं लागतं. थोडे पैसे वाचवून तो घेणाऱ्याला तबला साथीला आला की पुन्हा खरेदी करावी लागते.

विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असणं ही आमच्या दृष्टीने पहिली अट. बफर (एका वेळी साठवून पाठवायचा आवाजाचा तुकडा) १२८ सँपल आणि वेग ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८,००० सँपल, असेल तर १२८ भागिले ४८,००० म्हणजे एका बाजूला २.७ मिलिसेकंद. येणं, जाणं आणि आतली रूपांतरं धरून एकूण उशीर साधारण १० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. आवाज १० मिलिसेकंदांत ३.४ मीटर जातो, म्हणजे तबलजी अकरा फुटांवर बसल्यासारखं. त्याहून जास्त झालं की लय पकडायला त्रास होतो. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर गाताना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर वापरा, स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता कानात येतो. मिक्सिंगच्या वेळी बफर ५१२ किंवा १०२४ करा, नाहीतर टक-टक ऐकू येईल.

गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) लावताना तबलजीला सर्वांत जोरकस ‘धा’ वाजवायला सांगा आणि मीटरवरचं शिखर उणे १० ते १२ डीबीवर ठेवा. मैफल रंगली की हात चढतोच, तेवढी जागा लागते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही आणि ४८ मध्ये त्याच्या निम्मे, म्हणजे २४ पर्यंतचे सूर मावतात. खोक्यावरच्या ३८४ किलोहर्ट्झच्या आकड्यासाठी पैसे मोजू नका.

हाच इंटरफेस गेमला चालतो, मात्र चार पट्ट्यांच्या एकाच पिनेचा हेडसेट त्याला थेट लागत नाही. तो लागतो लॅपटॉपवर असतो तशा हेडफोन-माइकच्या एकत्र जॅकला. कॉम्प्युटरवर हिरवे-गुलाबी जॅक वेगळे असतील तर दोन पिनांचा स्प्लिटर लागतो, नाहीतर माइक मुका राहतो. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइक फक्त डाव्या कानात येत असेल तर इंटरफेसचा पहिला इनपुट डाव्या चॅनलला जोडलेला असतो. ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मोनो’वर टिक करा.

लावल्यानंतर

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये नवीन उपकरण डिफॉल्ट करा, फॉरमॅट २४ बिट ४८,००० ठेवा, आवाजात फेरफार करणारी एनहान्समेंट बंद करा. जुन्या साउंड पॅनलच्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा. नाहीतर कॉल आला की विंडोज बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी उतरवतं आणि दोष कार्डावर येतो. लॅपटॉपवर आवाज मधेच तुटत असेल तर पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. तरी टक-टक राहिली तर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून कुठला ड्रायव्हर अडवतोय ते पाहा, बऱ्याचदा वायफायचा निघतो.

स्पीकरमधून ५० हर्ट्झची सलग घुमघुम येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वेगवेगळ्या अर्थिंगमधून तयार झालेलं वेटोळं. स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड टीआरएस वायर (तीन पट्ट्यांच्या पिनेची, गोंगाट रोखणारी) वापरा. अर्थिंगची पिन काढून घुमघुम घालवण्याचा सल्ला कुणी देईल, तो अजिबात मानू नका. तीच पिन धातूच्या पेटीत वीज उतरल्यावर तुमचा जीव वाचवते.

सगळं जोडल्यावर सुरुवातीची माउस-मेनूची तपासणी पुन्हा करा. नंतर अर्धा तास गेम चालवून मशीन गरम असताना तीच करा. चिरचिर तशीच असेल तर कार्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानात न्या.