पहिल्या पावसात भिजा, पण आधी कान द्या

तापलेल्या मातीवर पहिला शिडकावा झाला की तो गंध मला हातातलं काम टाकून बाहेर ओढतो. मातीतले जिवाणू बनवतात ते जिओस्मिन हवेत मिसळतं, त्याचा तो वास. खुशाल भिजा, पण गडगडाट ऐकू येत असेल तर अजिबात नाही. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. ती चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा. साधारण तितके किलोमीटर ती लांब. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत शिरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. झाडाखाली उभं राहू नका, हे मी भेटेल त्याला सांगते.

दुचाकी असेल तर सर सुरू झाल्यावर थोडा वेळ थांबलेलंच बरं. कोरड्या दिवसांत साचलेलं तेल, धूळ, टायरचा चुरा पाण्यात मिसळून रस्ता निसरडा होतो. सिग्नलपाशी पाण्यावर रंगीत तवंग दिसतो ना, तिथे वेग आधीच कमी करा. ब्रेक करकचून दाबू नका, दोन्ही हळूहळू लावा. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणंही टाळा.

कडक झालेली जमीन पाणी पटकन शोषत नाही, ते थेट उताराला धावतं. 30 सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार ढकलू शकतं. तळ दिसत नसेल तर गाडी मागे वळवा.