मांजरीच्या टाक्यांची तयारी, आणि ते नाकाचं माप

चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. मागच्या वर्षी ठमीच्या वेळी मी जो घोळ घातला तो पुन्हा नको, म्हणून हे लिहून ठेवतेय. तुमच्या मांजरीची तारीख जवळ आली असेल तर तुम्हीही वाचा.

पिंजरा, जुना टॉवेल, डॉक्टरांचा रात्रीचा नंबर, किती तास उपाशी ठेवायचं ते, एवढं सगळेच सांगतात. पुढे जाऊ.

कॉलर. म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा भोंगा. ठमीसाठी मी आधीच आणून ठेवला होता. गळ्याशी दोन बोटं जातील इतका सैल, अगदी बरोबर. पण नाकाचं माप घेतलंच नाही! भोंग्याची कड नाकाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे यायला हवी. ठमीची जेमतेम नाकापाशी संपत होती. त्यात आपल्याकडे बरेच डॉक्टर छेद पोटाच्या मध्यावर न घेता बाजूला, कुशीत घेतात, आणि मांजरीची मान कुशीपर्यंत आरामात वळते. रात्री अडीचला खर्र-खर्र ऐकू आलं म्हणून दिवा लावला, तर बाईसाहेब कडेवरून जीभ बाहेर काढून टाके साफ करत बसलेल्या. दोन टाके सुटलेले, भोवतालची कातडी लालबुंद. जिभेवर मागे वळलेले काटे असतात, नखांसारखे कडक. ‘चाटून बरं होतं’ म्हणणाऱ्यांनी ती जीभ एकदा स्वतःच्या हातावर फिरवून घ्यावी.

म्हणून भोंगा ऑपरेशनच्या आधीच घालून बघा. कुशीला तुपाचं बोट लावा आणि दहा मिनिटं नुसतं बसून राहा. जीभ तुपाला लागली, तर भोंगा आखूड आहे. दुकानात जाऊन बदलून आणा. नाकाच्या पुढे, लक्षात ठेवा.

दुसरा उपाय अंगरख्याचा. लहान मुलाचा जुना बनियन, पायांसाठी चार भोकं पाडून, पाठीवर गाठ मारायची. शेपटीखालचा भाग मोकळा ठेवा, नाहीतर शू कपड्यातच होते. पण कापड ओलं दिसलं तर ती वरूनच चाटतेय असं समजा आणि पुन्हा भोंग्यावर या.

भोंगा घालून खाता यावं म्हणून पसरट बशी, ती छोट्या डब्यावर ठेवून जरा उंच करा. ‘जेवताना पाच मिनिटं काढते, बिचारी’ असं करायचं असेल तर तिथेच बसा, फोन घेऊ नका. मी फोन घेतला होता. लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये, बारीक माती नको, ती टाक्यांना चिकटते. वर्तमानपत्राचे तुकडे चालतात. खोली एकच ठेवा आणि कपाटावर उडी मारायची वाट बंद करा. घरात दुसरं मांजर असेल तर तेही वेगळं, कारण प्रेमाने तेच येऊन चाटतं.

औषधाचं मात्र नीट ऐका. दुखत असलं की मांजर जास्त चाटतं, म्हणून दुखण्याचं औषध डॉक्टरांकडून मागूनच घ्या आणि वेळेवर द्या. घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही, अर्धीसुद्धा नाही. मांजर त्याने मरतं. जखमेला डेटॉल नको, तेही विष आहे. आजीची हळद डब्यात राहू दे.

रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात जखम बघा आणि फोटो काढा. कालच्या फोटोशी ताडून बघितलं की सूज लगेच कळते. पू, वास, उघडलेली कड, किंवा दिवसभर काही न खाणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर भोंगा काढायचा नाही, ती कितीही भिंतींवर आपटली तरी. नंतर केस उगवताना खाज येते, थोडं चाटेल. टक्कल पडेपर्यंत चाटत राहिली तर पिसवा बघा, नाहीतर ताण असेल. दोरी-पिस घेऊन खेळवा, जेवणाच्या वेळा बदलू नका. तरी थांबली नाही तर पुन्हा डॉक्टर.

बाकी काही सुचलं तर शुक्रवारनंतर. आत्ता मी शिवणाची टेप घेऊन चिंगीच्या नाकामागे आहे आणि ती फ्रिजवर जाऊन बसली आहे.