जाड आटे की बारीक? बोल्ट घेण्याआधी ओळखा

उद्यमनगरातल्या दुकानात नुसतं ‘एम १०’ (म्हणजे १० मिमी व्यासाचा बोल्ट) सांगितलं, तर बहुधा १.५ पिचचा, म्हणजे जाड आट्यांचा बोल्ट मिळतो. बारीक आट्यांचा एम १० हा १.२५ किंवा १ पिचचा असतो. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. पिच गेज (आट्यांवर लावून पिच ओळखायच्या दातेरी पट्ट्या) नसेल तर व्हर्निअरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) पहिल्या आट्याच्या टोकापासून अकराव्याच्या टोकापर्यंत मोजा: १५ मिमी भरलं तर जाड, १२.५ किंवा १० भरलं तर बारीक.

बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये आटे पाडायचे असतील, तर जाडच घ्या. तिथे बारीक आटे लवकर झडतात आणि भोक वाया जातं. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारण्याआधी एम १० साठी १.५ पिचला ८.५ मिमीचं ड्रिल, १.२५ ला ८.८. उसाच्या ट्रॉलीलाही जाडच बरे. चिखल-गंजात बारीक आटे पटकन अडकतात. सेटिंग नाजूक असेल किंवा पोलादी भागांना सतत थरथर असेल, तिथे मात्र बारीक.

जाड आट्यांच्या बोल्टवर बारीक आट्यांचा नट एक-दोन फेरे जातो नि अडतो. तिथे पाना लावूच नका, दोन्हींचे आटे जातील. जुळणारा नट लावतानाही आधी उलटा फिरवा, ‘टक्’ जाणवलं की सुलटा. चार-पाच फेरे बोटांनीच जायला हवेत.